पार्सल रेल्वेनेच पाठवा!

भाच्याला पुण्याहून वर्ध्याला मोटरसायकल पाठवायची आहे ना? मग ट्रान्सपोर्टवाल्याच्या नादी लागू नका. तो घरी येऊन गाडी नेतो आणि तिकडे दारात उतरवतो. त्यात तुमचं कर्तृत्व काय राहिलं? सरळ रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जा.

आधी टाकी रिकामी करा, थेंबही चालत नाही. बाहेर गोणपाट, पेंढा आणि दाभण घेऊन बसलेला बुवा तुमची गाडी हळद लागल्यासारखी गुंडाळून देईल आणि वर काळ्या रंगात ‘पुणे ते वर्धा’ असं रेखेल. आरसी बुकाची झेरॉक्स विसरलात? उत्तम, रस्ता ओलांडून पाय मोकळे होतील. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, मिळाली की ती देवघरात ठेवा, कारण यापुढचं सगळं त्याच खात्यात आहे.

“कधी चढणार?” असं मात्र विचारू नका. जागा झाली की चढेल. गार्डाच्या डब्यालगतची ती जागा, त्यातही बरीचशी ठेकेदारांना भाड्याने दिलेली. वर्ध्याला गाडी जेमतेम काही मिनिटं थांबते; हमालाच्या हातून राहिलं, तर तुमची मोटरसायकल गोंदिया पाहून परत येईल. तुम्ही तरी कुठे गेला होतात गोंदियाला? तिला उशीर झाला तर तो रेल्वेचा, भाच्याला उशीर झाला तर मात्र मालावर भाडं चढतं.

रावेर-सावद्याची केळी एकेकाळी रेल्वेनेच दिल्ली गाठायची. पुढे ट्रक थेट बांधावर आला आणि शेतकरी बिघडला. त्याला वळणावर आणायला ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला शेतमालाची पहिली किसान रेल सुटली. भाजी-फळांना भाड्यात निम्मी सूट! डिसेंबरात शंभरावी गाडी सांगोल्याहून कोलकात्याजवळच्या शालिमारला निघाली, तिला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. सांगोल्याच्या डाळिंबांनी एवढा मान कधी पाहिला नव्हता. पुढे सूट आटली, तशा गाड्याही विरळ झाल्या. ट्रकला कुणी झेंडा दाखवत नाही, म्हणून तो बिचारा रोज धावत असावा.

आणि हो, भाच्याला आधीच सांगून ठेवा: गाडी मिळाली की पंपापर्यंत ढकलत न्यायची आहे. बाटलीत पेट्रोल देत नाहीत.