पेटी इथली, बोर्ड बाहेरचा : जुन्या आर्केड मशीनच्या भावाबद्दल थोडं स्पष्ट

जुनं आर्केड मशीन, म्हणजे पार्लरमधलं नाणं टाकून खेळायचं गेमचं मशीन, घ्यायचं ठरलं की पुण्यातली मंडळी आधी अमेरिकेतल्या जाहिराती बघतात, डॉलरचे रुपये करतात आणि तोच भाव डोक्यात धरून बसतात. विकणारेही तेच करतात. सनमायका मारलेली प्लायवुडची पेटी, आतली पिक्चर ट्यूब काढून बसवलेला एलसीडी, बाजारातला हजार गेमचा डबा. आणि किंमत सांगायची शिकागोच्या मूळ मशीनची. मला हे मनापासून खटकतं. घेणाऱ्याचे पैसे जातात हे एक, आणि या नादात आपल्याकडच्या खऱ्या जुन्या पेट्या रोज भंगारात फुटतायत हे त्याहून वाईट.

भाव देशागणिक का बदलतो, याचं पहिलं उत्तर वजन. अमेरिकन उभी पेटी शंभर-सव्वाशे किलोची असते, कधी त्याहून जड. असला माल बनला तिथून फार लांब जात नाही. मशीन बनवणाऱ्या कंपन्यांपैकी मिडवे, विल्यम्स, स्टर्न या शिकागो परिसरातल्या, अटारी कॅलिफोर्नियातली. मिस पॅकमन या एकाच खेळाच्या लाखाहून जास्त पेट्या अमेरिकेत निघाल्या. त्यामुळे तिथे बोर्ड (ज्यात खेळ असतो ते सर्किट) बदललेलं, रंग उडालेलं चालू मशीन आजही काही शे डॉलरला मिळतं आणि मूळ बोर्ड, मूळ चित्रं, मूळ मॉनिटर शाबूत असलेलं पॅकमन हजारांत जातं. फरक खेळाचा नाही, शाबूतपणाचा आहे.

जपानचं गणित वेगळं. १९७८ साली स्पेस इनव्हेडर्स आला तो तिथे मुख्यतः कॅफेतल्या टेबलांत. पुढे सेगाची अ‍ॅस्ट्रो सिटी, टायटोची इग्रेट अशा पत्र्या-प्लास्टिकच्या, बसून खेळायच्या पेट्या आल्या. पेटी तीच ठेवायची, बोर्ड बदलत राहायचा, ही तिथली पद्धत. म्हणून जपानमध्ये सुटे बोर्ड मुबलक आणि एकाच खेळासाठी बनलेल्या लाकडी पेट्या दुर्मीळ. घरं लहान, त्यामुळे गेम सेंटर बंद पडलं की मोठ्या पेटीला गिऱ्हाईक कमी. तीच पेटी देशाबाहेर पडली की भाड्यामुळे महाग होते.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाकडे आपल्याकडचं कुणी बघतच नाही. ब्रिटनच्या इलेक्ट्रोकॉइन पेट्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या लेझर अँड अलाइडच्या बुटक्या पेट्या संग्राहकांत तितक्या मिरवत नाहीत, पण त्या आपल्यासारख्याच २३०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या लाइनवर चालायला बनलेल्या आहेत. पुण्यात मशीन लावणाऱ्याला याचं मोल कळायला हवं.

आता आणायचा हिशेब. पॅक केलेली उभी पेटी साधारण सव्वा ते दीड घनमीटर जागा खाते. समुद्रमार्गे सुट्या मालाचं भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागतं, म्हणजे आपण इथे वजनाचे नाही, हवेचे पैसे भरतो. पॅकिंगला भरीव लाकूड वापरलं तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो, नाहीतर माल न्हावाशेवाला अडकतो आणि गोदामाचं भाडं चढत जातं. ड्युटी मशीनच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर बसते, आणि आयजीएसटी त्या सगळ्यावर. वापरलेला माल कॅपिटल गुड्समध्ये (उत्पादन किंवा सेवेसाठीच्या यंत्रसामग्रीत) बसत नसेल तर डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची, परवानगी लागते, आणि घरात ठेवायची गेमची पेटी तशी दाखवणं अवघडच. म्हणून समजा तिकडे ६०० डॉलरला मशीन मिळालं, तर तो आकडा विसरून जा. खर्चाचा मोठा भाग त्यानंतर सुरू होतो. पार्किंगपर्यंत आलं तरी पेठेतला जिना किंवा सोसायटीची लिफ्ट आहेच. आधी दाराची रुंदी मोजा.

वीज हा भाग बहुतेक जण गुंडाळून टाकतात आणि नेमकं तिथेच मशीन जळतं. जपानी पेटी १०० व्होल्टची. आपल्याकडे दुकानात सहज मिळतो तो ११० चा स्टेप-डाउन. रात्री लाइन २५० पर्यंत चढली की तो ट्रान्सफॉर्मर सरळ ११९-१२० व्होल्ट देतो, आणि १०० व्होल्टचा मॉनिटर फार दिवस ते सोसत नाही. म्हणून २३० ते १००, ५०० व्हीएचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास विचारलंत तर वाइंडिंग करून देणाऱ्याचा पत्ता लागतो. एकाच वाइंडिंगचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको, त्यात मशीन घरच्या लाइनपासून वेगळं होत नाही. एक गोष्ट मात्र जपानी मशीनच्या बाजूची : टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०, त्यामुळे तिथला माल दोन्हींवर चालेल असाच बनतो. जुन्या अमेरिकन मशीनमधला लोखंडी ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचा असेल, तर व्होल्टेज बरोबर असूनही ५० वर तो जास्त तापतो. ट्रान्सफॉर्मरवर ५०/६० लिहिलंय का ते फोटोत मागून घ्या. अमेरिकन मशीनमधले इलेक्ट्रोहोम जी०७, वेल्स-गार्डनर के४६०० किंवा के७००० हे मॉनिटर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (लाइनपासून वेगळं ठेवणाऱ्या, दोन वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) लावायचेच नाहीत.

आणि आता आपल्या पेट्या. भारतात मूळ परदेशी पेट्या थोड्याच आल्या. पार्लरमध्ये उभी असायची ती इथल्याच सुताराची पेटी, आत २० किंवा २१ इंची रंगीत टीव्हीची ट्यूब, आणि बोर्ड बहुतेक वेळा नकली. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, म्हणजे आपला मुस्तफा, १९९३ चा कॅपकॉमचा खेळ. स्ट्रीट फायटर २, किंग ऑफ फायटर्स ९७, मेटल स्लग हे त्याचे सोबती. कुठल्याही प्रदेशात तिथे जो खेळ खूप चालला, त्याचे बोर्ड तिथे स्वस्त. मुस्तफाचा नकली बोर्ड इथे मिळायला हवा, जपानमधून मागवायचं कारण नाही.

नकली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. मुस्तफाच्या अस्सल बोर्डात बॅटरी आहे. ती संपली की आतली किल्ली पुसली जाते आणि बोर्ड चालेनासा होतो. कॅपकॉमच्या पुढच्या सीपीएस-२ या बोर्डांवरच्या खेळांचंही तेच. ते बोर्ड आता पुन्हा जिवंत करता येतात, पण ते काम जाणकाराचं. नकली बोर्डात हे संरक्षण मुळातच काढलेलं असायचं, म्हणून तीस वर्षं पोटमाळ्यावर पडलेला नकली बोर्डही लावला की बहुतेक चालतो. निओ जिओच्या (किंग ऑफ फायटर्स, मेटल स्लग ज्यावर चालतात त्या) जुन्या बोर्डांत वेगळी भानगड : त्यावरची ३.६ व्होल्टची बॅटरी गळते आणि आजूबाजूचे ट्रॅक खाते. फोटोत बॅटरीपाशी हिरवट डाग दिसला की भाव तिथेच निम्मा करायचा.

अस्सल कॅपकॉम सीपीएस-१ (स्ट्रीट फायटर २ च्या काळातला बोर्ड) म्हणून कुणी पैसे मागत असेल तर एकावर एक बसलेले वेगवेगळे बोर्ड आणि सीपीएस-ए, सीपीएस-बी असं लिहिलेल्या चिप दिसल्या पाहिजेत. कंपनीचं नाव नाही, ईप्रॉमवर (गेम साठवलेल्या चिपवर) पेनाने लिहिलेले स्टिकर आहेत, तर तो नकली. नकलीच्या भावात जरूर घ्या.

राज्याच्या आतही फरक आहेच. मुंबई आणि कोकणपट्टीतून आलेल्या बोर्डांचे पाय आणि कनेक्टर खाऱ्या हवेने काळे पडलेले असतात, पेटीचं खालचं प्लाय फुगलेलं असतं. सोलापूर-मराठवाड्याकडचा माल कोरडा, पण धुळीने भरलेला, आणि व्होल्टेजच्या चढउताराने पॉवर सप्लाय बहुधा एकदा तरी बदललेला. दोन्ही सारख्या भावात मिळत असतील तर मी डोळे झाकून कोरड्या भागातला घेईन. धूळ ब्रशने जाते.

पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार आणि भंगारवाले हे बघायचेच, पण तिथे पेटी क्वचित दिसते. दिसतात ते तुकडे. ट्यूब, पॅनेल, हँडलं (जॉयस्टिक). ट्यूब असलेले जुने टीव्ही अजून भंगाराच्या भावात मिळतात, आणि जामा (आर्केड बोर्डाच्या जोडणीची ठरलेली पद्धत) बोर्डाला लागते तशीच सुमारे १५ किलोहर्ट्झची ट्यूब त्यात असते. ट्यूब बदलायची असेल तर आधी मल्टिमीटरने जुन्या आणि नव्या योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या तारांच्या गुंडाळीच्या) दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. फार तफावत असेल तर ती जोडी जमणार नाही, किटमधला (ट्यूब चालवणाऱ्या टीव्हीच्या सर्किटमधला) आउटपुट ट्रान्झिस्टर जळेल. बोर्डातला आरजीबी सिग्नल टीव्हीच्या आयसीला जोरात पडतो, म्हणून प्रत्येक रंगाच्या तारेत १ के चा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) घालायचा, नाहीतर चित्र फुटतं आणि पांढऱ्यात सगळं बुडतं. गेम साधारण ६० हर्ट्झवर चालतो, त्यामुळे किटवर हाइट थोडी वाढवावी लागते. टीव्हीचं किट लाइनला थेट जोडलेलं, हॉट चासिसचं असेल तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. ट्यूबच्या ॲनोडला (जाड तार लागते त्या टोकाला) वीस हजार व्होल्टच्या वर असतं आणि बंद केल्यावरही ते राहतं. डिस्चार्ज ट्यूबच्या बाहेरच्या अर्थ वेणीला करायचा. हे काम माहीत नसेल तर जुन्या टीव्ही मेकॅनिकला द्या. असे मेकॅनिक पुण्यात अजून आहेत, त्यांच्याकडून शिकून घ्या.

बोर्ड बाहेरून मागवायचा तो असा खेळ, जो इथे कधी आलाच नाही. किलो-दोन किलोचं पार्सल, म्हणून भाडं झेपतं. ड्युटी त्यालाही आहे आणि वापरलेल्या मालाचा नियमही, तेव्हा कस्टमच्या एजंटला आधी विचारा. बोर्ड लावताना जामा कनेक्टरचे ५६ पाय, एका बाजूला २८, आणि सातव्या जागी खाच. जुन्या हार्नेसमध्ये (पेटीतल्या तारांच्या जुडग्यात) खाचेतली किल्ली बरेचदा गायब असते. उलटा घातलात तर बोर्ड गेला. ५ व्होल्ट पॉवर सप्लायवर नाही, बोर्डाच्या कडेवर मोजायचे : ५.० ते ५.१. तारेतच अर्धा व्होल्ट पडतो आणि मग गेम सारखा रीसेट होतो. लोक बोर्ड खराब म्हणून टाकून देतात, खरं तर दोन जाड तारा बदलायच्या असतात.

पेटी घेताना भाव तीन गोष्टींचा लावा : चालू ट्यूब, चालू बोर्ड, न कापलेलं पॅनेल. एलसीडी घातलेल्या पेटीला लाकडाचा आणि मजुरीचाच भाव. मुस्तफा तिघांचा खेळ, आणि जामात दोघांच्याच तारा असतात. तिसऱ्याची वायरिंग वेगळ्या कनेक्टरवरून येते. त्यामुळे तीन हँडलांची मूळ पेटी फार थोड्या ठिकाणी उरली आहे आणि पॅनेल कापून ती दोनची करायची पद्धत पडली आहे. तीन हँडलांचं न कापलेलं पॅनेल दिसलं तर घासाघीस आवरा, थोडे जास्त द्या. फक्त पॅनेल काढून देतो म्हणाला तर नको म्हणा, टेम्पो बोलावून पूर्ण पेटी उचला. उचलताना ट्यूबच्या मानेला गादी लावा आणि पेटी उभीच न्या.