पत्रा एक मिलिमीटरचा, सल्ला दोनशे अँपिअरचा

पत्र्याच्या पेटीचा कोपरा उसवला होता. पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा. तेवढ्यासाठी हातात नेण्याजोगं छोटं वेल्डिंग मशीन घ्यावं म्हणून दुकानदाराला विचारलं, ‘‘हे कमीत कमी किती अँपिअरवर चालतं?’’

दुकानदार तोंड उघडणार, तोच शेजारचे गृहस्थ वळले. बिजागऱ्या घ्यायला आलेले. बिल झालं होतं, बिजागऱ्या हातात होत्या, जायला कोणाची आडकाठी नव्हती.

‘‘कमीत कमी?’’ ते म्हणाले. ‘‘गाडी घेताना कमीत कमी किती पळते असं विचारता का?’’

दुकानातला पोऱ्या फिस्सकन हसला. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

‘‘पत्रा पातळ आहे,’’ मी म्हणालो.

‘‘मग दोनशेचंच घ्या. हात मात्र हलका पाहिजे.’’ आणि त्यांनी एक डोळा मिटून, तोंडानं ‘चर्रर्र’ करत बिजागरीनं हवेत टाके मारून दाखवले. चार-पाच मारले. मधेच थांबून फुंकर घालून एक टाका तपासलाही. दुकानदार हातातलं काम सोडून बघत होता.

हलका हात म्हणे! २.५ मिलिमीटरचा रॉड धड पेटायलाच साठेक अँपिअर मागतो. पातळ पत्र्यावर तो टेकवला की टाक्याच्या आधी भोक पडतं, आणि भोक बुजवायला गेलं की ते वाढतं. अशा पत्र्याला १.६ चा रॉड हवा. त्याला तीस-चाळीस अँपिअर पुरतात. त्यातून ती ‘हॉट स्टार्ट’ची सोय! पेटताना करंटचा जादा झटका देते, म्हणजे पहिल्याच ठिणगीत पत्रा गेला. ती बंद करता येते का, हे खोक्यावर कोणी छापत नाही. छापतात ते २००, लांबून दिसेल एवढं.

बरं, ते दोनशे तरी खरे असावेत! दोनशे अँपिअरला आर्कचे, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या झोताचे, २८ व्होल्ट धरतात. झाले ५,६०० वॅट. १६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टवर देणार ३,६८०, त्यात मशीन स्वतः खाणार ते वेगळंच. बाकीचे काय शेजाऱ्याकडून आणायचे?

‘‘ड्यूटी सायकल किती?’’ मी दुकानदाराला विचारलं. दहा मिनिटांत किती मिनिटं सलग चालवता येतं, एवढंच हवं होतं.

‘‘वॉरंटी आहे ना, मग झालं,’’ गृहस्थ म्हणाले.

रॉडऐवजी वायर वितळवणाऱ्या मशीनकडे नजर गेली होती. गॅसवर चालणारी ०.६ ची वायर पातळ पत्र्याला उत्तमच. पण मग सिलिंडर आलं, आणि सिलिंडर ओढत नेणाऱ्यानं ‘पोर्टेबल’ कशाला म्हणायचं? बिनगॅसची वायर घ्यावी तर ती जास्त तापते, शिवाय वायर सोडणारी हातातली गन निगेटिव्हला जोडावी लागते. ते जोड बदलता येतात का, हे विचारायची हिंमतच उरली नव्हती.

शेवटी मीच एक मशीन उलटं केलं. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत होतं : २० ते १४०. ‘‘हेच द्या.’’

‘‘लोक ऐकत नाहीत हो,’’ गृहस्थ दुकानदाराला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘‘आमच्या फाटकाच्या बिजागऱ्या तेवढ्या मारून द्याल का? चांगल्या जाड आहेत. पण तुमचं नवं मशीन आहे, होऊन जाईल.’’

माझा नंबर लिहून घ्यायला दुकानदारानं ताबडतोब पेन काढलं.