एका अब्जाची फोड

माझी मुलगी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत शिकते. गेल्या हिवाळ्यात तिच्या वर्गात 'पोलिसांचा निधी कमी करावा का' या विषयावर वादविवाद झाला आणि चिठ्ठ्या टाकल्यावर तिच्या वाट्याला कपातीच्या विरोधातली, म्हणजे तिला अजिबात न पटणारी, बाजू आली. तयारी दोन आठवडे चालली, भाषण मात्र चारच मिनिटांचे होते. बाकीचा बहुतेक वेळ एका आकड्यामागे गेला.

मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, त्यानंतर निधीकपातीची मागणी देशभर पेटली आणि जूनअखेर न्यूयॉर्कच्या महापौरांनी सुमारे सहा अब्ज डॉलरच्या पोलीस अंदाजपत्रकातून एक अब्ज डॉलर वळवल्याचे जाहीर केले. शिक्षिकेने मुलांना त्या अब्जाची फोड करायला लावली. तेव्हा दिसले की त्यातला मोठा हिस्सा शाळांमधल्या सुरक्षारक्षकांचा खर्च शिक्षण खात्याच्या नावे टाकण्यातून यायचा होता, तर आणखी काही रक्कम ओव्हरटाइम घटेल या भरवशावर धरलेली होती. रक्षक तेच, शाळा त्याच, बदलणार होते फक्त खातेवहीतले पान. आणि पुढे तेही बदलले नाही. आकडा खोटा नव्हता, पण 'कपात' हा शब्द त्याला पेलणारा नव्हता, हे पंधरा वर्षांच्या मुलांनी स्वतः शोधून काढले.

याच वर्गात त्यांनी फ्लॉइड प्रकरणातले मिनियापोलिस पोलिसांचे पहिले निवेदनही वाचले. त्यात 'वैद्यकीय घटने'चा उल्लेख होता, गुडघ्याचा नव्हता. तो जगाला दिसला डार्नेला फ्रेझर या सतरा वर्षांच्या मुलीने केलेल्या चित्रफितीमुळे. 'पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार' एवढ्यावर बातमी संपवणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांची मला तेव्हा आठवण झाली.

या पद्धतीत सारे आलबेल आहे, असे नाही. प्रत्येक प्रश्नाला दोन समान वजनाच्या बाजू असतात, अशी समजूत अशा वादातून रुजू शकते, आणि ज्या मुलाच्या घरी पोलीस खरोखर येऊन गेले आहेत त्याला चिठ्ठीवर आलेली बाजू लढवणे जड जात असणार. तरीही आमच्या शाळेतल्या वादविवाद स्पर्धा आठवल्या की मला हा वर्ग सरस वाटतो. तिथे 'सन्माननीय परीक्षक' म्हणून सुरुवात करून आवाज कुठे चढवायचा आणि शेवटी कोणती काव्यपंक्ती टाकायची, याची तालीम होई; आकडा कुठून आणला, असे कोणत्याही परीक्षकाने विचारल्याचे मला स्मरत नाही.

ती सवय न लागण्याची किंमत आपण मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती अफवा मोबाइलवरून फिरत होती. न्यू जर्सीने जानेवारी २०२३ मध्ये बालवाडीपासून बारावीपर्यंत माहिती साक्षरता शिकवण्याचा कायदा केला. आपल्याकडे त्यासाठी नव्या विषयाचीही गरज नाही, नागरिकशास्त्राच्या तासाला राज्याच्या अर्थसंकल्पातले गृहखात्याचे पान उघडले तरी पुरे.

मुलीला मी एकदा अभिमानाने सांगितले होते की मुंबई पोलिसांची तुलना स्कॉटलंड यार्डशी करतात. त्या वादानंतर तिने मला विचारले, ही तुलना केली कोणी? मी अजून शोधतो आहे.