दीड मत

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत परवा वॉचमनच्या केबिनला पंखा बसवण्याचा ठराव एका मताने पडला. ते एक मत माझं. आणि मी ठरावाच्या बाजूने होतो!

सेक्रेटरी म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी हात वर करा." मी उजवा हात वर केला. वर म्हणजे खांद्यापर्यंत. त्याच्या पुढे तो हल्ली जातच नाही. सेक्रेटरी मोजत मोजत माझ्यापाशी येऊन थांबले.

"तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही हो, मत देतोय."

"मग हात वर करा ना."

"हाच वर आहे."

मागे कोणीतरी खिंकाळलं. मी घाईघाईने डावाही वर केला, आणि तिथेच घात झाला. दुसऱ्या मजल्यावरचे काका उठून उभे राहिले. काका बँकेतून निवृत्त झालेत. सही जुळत नाही म्हणून लोकांचे चेक परत पाठवण्यात त्यांची हयात गेली.

"हरकत आहे! एक हात पूर्ण आणि एक अर्धा. एका फ्लॅटला दीड मत कसं काय?"

"काका, उजवा रद्द समजा."

"असा कसा रद्द? आधी तोच केलात. दिलेलं मत फिरवता येत नाही."

"बरं, मग उजवाच धरा."

"तो कुठे पुरता वर आहे?"

मी भर पार्किंगमध्ये समजावू लागलो. फ्रोझन शोल्डर आहे. खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी सुजून जाड होते आणि धुऊन आटलेल्या बनियनसारखी आवळते. चाळिशी ते साठीत होतं, बायकांना जास्त, आणि माझ्यासारख्या मधुमेह्यांना तर हमखास शोधत येतं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एक्स-रे काढला?"

"काढला. नॉर्मल आहे. यात बहुधा नॉर्मलच येतो."

"नॉर्मल!" काका सभेकडे वळले. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

मग "उसण भरलीय, आत्ता सोडवतो" म्हणत त्यांनी माझं कोपर धरलं आणि वर खेचलं. खांद्यातला स्नायूबंध फाटला असेल तर स्वतःच्या ताकदीने हात उचलत नाही, पण दुसऱ्याने उचलला की बराचसा जातो. फ्रोझनमध्ये मात्र दुसऱ्याच्या बापालाही तो उचलता येत नाही. डॉक्टर हेच हलक्या हाताने तपासतात. काकांनी तीच तपासणी बँकेच्या शटरवर करावी तशा जोराने केली आणि निदान पक्कं झालं. माझी किंकाळी ऐकून पहिला धावत आला तो वॉचमन. घामाने थबथबलेला.

इतिवृत्तात नोंद आहे : "एका सदस्याने आरडाओरडा केल्याने त्यांचे मत धरण्यात आले नाही."

या दुखण्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव दिलं बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यविशारदाने, 1934 साली. त्यानेच लिहून ठेवलंय की याची व्याख्या करणं अवघड, उपचार अवघड आणि कारण सांगणंही अवघड. हा गृहस्थ 1915 मध्ये स्वतः बोलावलेल्या सभेत गावातल्या बड्या डॉक्टरांची खिल्ली उडवणारं व्यंगचित्र झळकवून बसला आणि अध्यक्षपद घालवून मोकळा झाला. सभा आणि खांदे यांचं काहीतरी वाकडं आहे, हे तेव्हापासूनचं.

प्लास्टर असतं तर लोकांनी खुर्ची दिली असती. इथे दाखवायला काहीच नाही. रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जातो, मागच्या खिशातलं पाकीट निघत नाही, शर्ट घालताना दुखरा हात आधी आणि काढताना शेवटी, हे घोकावं लागतं. पण चारचौघांत मी धडधाकट. म्हणून प्रत्येक जण डॉक्टर. जिमवाला पुतण्या म्हणतो डंबेल उचला, आत्या म्हणतात हात गळ्यात बांधून ठेव. दोघांचं ऐकलं तर खांदा कायमचा जायचा! दुखणं जहाल असताना जोर करायचा नाही आणि हात बांधूनही ठेवायचा नाही. ओणवं होऊन हात नुसता लोंबता झुलवायचा, पुढे भिंतीवर बोटं चढवायची, कप्पीची दोरी ओढायची. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, त्याने रात्रीची झोप परत आली. साखर तेवढी काही दिवस चढली. हे सगळं निमूट करतोय, तर वर ही बदनामी.

इतिवृत्त दुरुस्त करा म्हणून अर्ज दिला. सेक्रेटरींनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलं. तेही नेलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, बहुतेकांचा हात एक ते तीन वर्षांत बराचसा सुटतो.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "असं मोघम चालत नाही. हात नेमका कोणत्या तारखेला वर जाणार, ते लिहून आणा. तोवर तुमच्या फ्लॅटचं मत प्रलंबित."

मेंटेनन्सचं बिल मात्र पुरतं आलंय.