मलपृष्ठावरचं ते वाक्य माझं होतं

नमस्कार ताई,

आमच्या रहस्य कादंबरीला तुम्ही परीक्षणात दोनच तारे दिलेत. दत्तक मूल म्हणजे मोठं होऊन सूड उगवणारं मूल, असं चित्र उभं राहतं म्हणून अर्ध्यावर पुस्तक मिटलंत. शिवाय २२ वर्षांची नायिका संस्थेत जाते आणि कारकून रजिस्टर उघडून जन्मदात्या आईचा पत्ता देतो, हे तुम्हाला पटलं नाही. पण त्याआधीच तुम्ही लिहिलंय, की तुमच्या ११ वर्षांच्या लेकीने जेवताना पुस्तक उलटं करून मोठ्याने वाचलं, 'रक्त शेवटी रक्ताकडेच धावतं', आणि विचारलं, "मग मीपण जाणार का?"

ताई, ते वाक्य कादंबरीत कुठेही नाही. मलपृष्ठाचा मजकूर मी लिहिला, खप डोळ्यांपुढे ठेवून. लेखिका तेव्हाच नको म्हणाली होती, मी ऐकलं नाही. तुमची आणि तुमच्या लेकीची मी मनापासून माफी मागतो. गोदामातल्या सगळ्या प्रती कालच बाइंडरकडे गेल्या, जुनी कव्हरं उतरवून नवी चढतील.

रजिस्टरचंही तुमचंच खरं. १८ वर्षं पूर्ण झाली की दत्तक मुलीला स्वतः आपल्या मुळाचा, म्हणजे जन्मदात्यांचा, शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची लेखी संमती लागते. ती नाही म्हणाली, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं एवढंच कळतं. पुढच्या आवृत्तीत लेखिका ते प्रकरण नव्याने लिहिते आहे. खरं तर त्या नकारात जास्त गोष्ट आहे.

सूडाबद्दल मात्र मला बोललंच पाहिजे, आणि त्यासाठी रहस्य फोडतो. खून ती मुलगी करत नाही. करतो तो सख्खा काका, इस्टेटीसाठी, कारण १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तक मुलगी सख्ख्या मुलीसारखीच वारस ठरते. पहिल्याच प्रकरणात, स्मशानात, तो तिला बापाला अग्नी देऊ देत नाही. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी दत्तक मुलगा यशवंतला टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे धरायचं मडकं, धरू दिलं नाही, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः उचललं. लेखिकेला कादंबरी सुचली ती तिथून. ती त्या मुलीच्या बाजूने लिहिलेली आहे, आणि माझ्या एका ओळीने ती उलटी वाचली गेली याचं मला फार वाईट वाटतं.

जुनी प्रत परत पाठवू नका, फाडून टाका. पुस्तकातल्या पत्त्यावर एक कार्ड टाका, नवी प्रत मी स्वखर्चाने पाठवतो. उरलेलं अर्धं वाचाच असा आग्रह नाही. वाचलंत, तर जे खटकेल ते मला कळवा, प्रकरण छापायला जायच्या आत.

आपला,
प्रकाशक