ते लाल हेलिकॉप्टर डॉक्टर घेऊन जातं

व्हाइटचॅपलच्या रॉयल लंडन हॉस्पिटलच्या गच्चीवरून एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं लाल हेलिकॉप्टर उडालं की आमच्याकडे आलेला पाहुणा हमखास म्हणतो, "कुणा पेशंटला आणायला निघालं वाटतं." मी दर वेळी सांगते, डॉक्टरला पोचवायला निघालंय. पेशंट बहुतेक वेळा रस्त्यानेच येतो, डॉक्टर शेजारी बसलेला असतो. भूल देणं, रक्त चढवणं, अगदीच वेळ आली तर छाती उघडणं, हे सगळं ती माणसं फुटपाथवर करतात.

७ जुलै २००५. सकाळी ८.५० च्या सुमारास लंडनच्या भुयारी रेल्वेत तीन स्फोट झाले, तासाभराने टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला बसमध्ये चौथा. ५२ निरपराध माणसं गेली, सातशेहून जास्त जखमी झाली. योगायोग असा, की एअर अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टर-पॅरामेडिकची महिन्याची बैठक त्याच दिवशी याच हॉस्पिटलात होती. बैठक सोडून सगळे निघाले, आणि हेलिकॉप्टर डॉक्टर आणि सामान पोचवत राहिलं.

त्या दिवशी एकट्या रॉयल लंडनमध्ये १९४ जखमी आले. त्यांतले गंभीर होते २७. तरीही अत्यवस्थ रुग्णांची खोली १५ मिनिटांत भरली. अशा वेळी कमी जखमी माणूस आधी आत गेला, तर ज्याचा जीव जातोय त्याला जागा कुठून मिळणार? पुढे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हेच दिसलं : जिथे अशा अनुभवी टीमने जखमींची पहिली छाननी केली, म्हणजे आधी कुणाला न्यायचं ते ठरवलं, तिथे किरकोळ जखमींना उगाच 'तातडीचे' ठरवण्याचं प्रमाण कमी होतं.

वर्ष आणि चार दिवसांनी मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी चादरींत घालून, मिळेल त्या गाडीने जखमींना हॉस्पिटलात नेलं. त्या माणसांना मी आजही मनोमन हात जोडते. पण आधी कुणाला उचलायचं, हे ठरवायचं ओझं त्यांच्यावर यायला नको होतं.

आणि लंडनची ही सेवा मुख्यतः देणग्यांवर चालते, हे मला पटत नाही. ७ जुलैच्या मृत्यूंच्या चौकशीनंतर २०११ मध्ये न्यायमूर्ती हॅलेट यांनीही या सेवेची क्षमता आणि तिला मिळणारा पैसा, दोन्ही तपासून पाहा, अशी शिफारस केली होती. अग्निशमन दलाच्या बंबासाठी आपण डबा फिरवत नाही. मग या डॉक्टरांसाठी का? माझी महिन्याची देणगी चालू आहे, चालू राहीलच. पण हा पैसा माझ्या करातून जायला हवा, आणि माझ्या भागातल्या खासदारांना मी हे लिहून कळवलंय.