खोलीतल्या ‘अंधारा’बद्दल आणि ‘ना धड पोर्तुगीज, ना धड आपल्या’ घराबद्दल

नमस्कार,

आमच्या या जुन्या घरातल्या हॉटेलात राहून आपण दिलेला अभिप्राय घरातल्या सगळ्यांनी वाचला. खोलीत दिवसाही अंधार, खिडक्यांना काचा नाहीत, भिंतीचा गिलावा ओबडधोबड, आणि एवढे पैसे मोजून वास्तू ‘ना धड पोर्तुगीज, ना धड आपली’, असं आपलं म्हणणं आहे. खतखत्याचं, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रस्स्याचं, कौतुक केलंत, ते स्वयंपाकघरात पोचवलं.

शेवटचा मुद्दा मनाला लागला, म्हणून आधी तोच. हे घर दोन वळणांचं आहेच. गोव्यातल्या अंत्रुज महालातली, म्हणजे फोंडा भागातली, कितीतरी जुनी हिंदू घरं तशीच आहेत. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३ मध्ये, गोव्यातल्याच बार्देश-सासष्टीनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. इकडच्या घरांचं तोंड आतल्या बाजूला: मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक, त्यात तुळस, चहूकडे ओसरी, बाहेरच्या भिंतींना मोजक्या खिडक्या. दर्शनी भागातल्या उंच खिडक्या आणि लोखंडी कठडे नंतरचे. आमच्या पणजोबांनी पुढचा दिवाणखाना त्या थाटात बांधला, पण राजांगण आणि देवघर जागचं हलवलं नाही. दोन्ही त्यांना आपलंच वाटत होतं, आम्हालाही वाटतं. हॉटेल करायचं ठरलं तेव्हा राजांगणावर काचेचं छप्पर घालून खाली रिसेप्शन थाटावं, असं सुचवलं गेलं. वडील ठाम नाही म्हणाले. अंगणात पाऊस पडलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट आज माझा आहे.

आता खिडक्या. आपण ज्याला ‘मळकं प्लास्टिक’ म्हटलंत, ते शिंपले आहेत. काच दुर्मिळ आणि महाग होती तेव्हा गोव्यात चपट्या शिंपल्यांच्या कडा कापून त्या शिंपल्या लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. ऊन आत येतं, पण डोळ्यांवर येत नाही. एखादी फुटली तर पट्टी सैल करून तेवढीच बदलायची. हे काम येणारे सुतार आता फार थोडे उरलेत. आम्ही त्यांना धरून आहोत, आणि दरातला एक वाटा तिथे जातो. लख्ख उजेड हवा असेल तर झडपा पूर्ण उघडतात.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, गिलावा चुन्याचा. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. चिरा पाणी पितो आणि चुना ते हळूहळू बाहेर सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, पापुद्रे सुटतात. गुळगुळीत भिंतीसाठी घर कुजवायची माझी तयारी नाही.

मागच्या नव्या इमारतीत काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या खोल्या आहेत, दर तोच. पुन्हा येणार असाल तर बुकिंग करतानाच तसं सांगा, खोली राखून ठेवू. आणि एकदा दुपारी राजांगणात बसा, घर मी स्वतः दाखवतो.